गावपळणीतला मोडेम

माझ्या सासरच्या गावात तीन-चार वर्षांतून एकदा देव सगळ्या गावाला घराबाहेर काढतो. कौल होतो, ढोल वाजतो, आणि माणसं, गुरं, कोंबडी, कुत्री, मांजरं झाडून सगळी हद्दीपलीकडे जाऊन तीन दिवस आणि तीन रात्री राहतात. मागे गावात जिवंत असं काही ठेवायचं नाही, आणि काही विसरलं म्हणून मध्येच परत पाऊल टाकायचं नाही. चौथ्या दिवशी देवाला पुन्हा विचारायचं. त्याने होकार दिला की घरी, नाही दिला तर आणखी एक दिवस बाहेर. याला गावपळण म्हणतात. माझं माहेर मिठबावचं, तिथे असलं काही नाही. त्यामुळे लग्नानंतरची पहिली पळण आली तेव्हा मला निम्मी मौज वाटली आणि निम्मी कटकट, कारण नेमकं त्याच आठवड्यात मला माझं काम पुरं करून द्यायचं होतं.

दोन हजार सात किंवा आठ साल असेल. सावंतवाडीला राहून मी प्रोग्रॅमिंग शिकले होते आणि लग्नानंतर ते ज्ञान भांडी घासत बसलं होतं. माझे थोरले दीर पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. त्यांनीच कंपनीत शब्द टाकून मला घरबसल्या काम मिळवून दिलं. शाळांच्या ग्रंथालयांसाठी कंपनी एक प्रोग्रॅम करत होती, त्यातला पुस्तकं देण्याघेण्याचा भाग माझ्याकडे आला. कंपनीचा एक जुना लॅपटॉप दिरांनी बसने पाठवला. सोबत एक कागद होता, कुठली वायर कुठे लावायची याचं चित्र काढलेला. गावात ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. त्या चित्राप्रमाणे आम्ही मोडेम, लॅपटॉप आणि फोन जोडले आणि काम सुरू झालं.

लॅपटॉप आला, कागद आला, पण दीर स्वतः काही आले नाहीत. ते आले नव्हते त्याला दोन वर्षं होत आली होती. सासरे गेले तेव्हा ते परदेशात कंपनीच्या कामावर होते, पोचले ते सगळं आटोपल्यावर दोन दिवसांनी. त्यांना कोणी काही बोललं नाही. चार दिवस राहून गेले ते गेलेच. दर रविवारी फोन मात्र न चुकता यायचा. सासूबाई विचारायच्या, कधी येतोस. ते म्हणायचे, बघतो. सासूबाई फोन ठेवून आम्हाला सांगायच्या की तो येतोय.

पळणीला मात्र मुंबई-पुण्याची झाडून सगळी माणसं गावी येतात. गणपतीला न येणारेही पळणीला येतात. तेव्हा या खेपेला तो आल्याशिवाय राहणार नाही, हे सासूबाईंनी मनाशी पक्कं धरलं होतं. पंधरा दिवस आधीपासून त्यांचं तेच चाललेलं. खोपटं जरा मोठं घाला, तो येतलो. नवी चटई आणा, तो येतलो. माझा नवरा हूं म्हणायचा आणि मला मागीलदारी येऊन सांगायचा की दादा काही येत नाही, तुला म्हणून सांगतो. मी म्हणायचे, मग हे आईंना जाऊन सांगा की. त्यावर तो गुरांकडे निघून जायचा. या घरातल्या पुरुषांना सरळ उत्तर देण्याचं वावडं आहे असं माझं तेव्हाचं मत होतं आणि आजही ते फारसं बदललेलं नाही.

निघायच्या दिवशी मी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून पिशवीत भरला. तीन दिवसांत काम संपवायचं, घरी परतलं की पाठवून द्यायचं, असा माझा हिशेब. मोडेम घेण्याचा प्रश्नच नव्हता. हद्दीबाहेर फोनची लाइन कुठून येणार? मी दाराशी आले तर सासूबाई मोडेमसमोर उभ्या. त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते, ते त्या बघत होत्या.

"ह्येका हंय एकट्याक ठेवतलंस?" त्या म्हणाल्या. "बघ कसा डोळे उघडझाप करता. जिता आसा ता. गावात जिता काय ठेवूचा नसता."

मी त्यांना सांगितलं की बटण दाबलं की हे डोळे मिटतात. ते त्यांना आणखीच वाईट वाटलं. शिवाय ते सगळं थोरल्याने सांगून जोडलेलं, त्याचं. वाद घालायला मला वेळ नव्हता, बैलगाडी निघत होती. मोडेम, त्याची निळी वायर, त्याचं चार्जरसारखं ते धूड, सगळं पिशवीत कोंबलं. चित्राचा कागद सासूबाईंनी स्वतःच्या चंचीत ठेवला.

आमचं खोपटं माडाच्या झापांचं, हद्दीपलीकडच्या माळावर, शेजारच्या गावातल्या एका घराला लागून. त्या घरच्यांनी विजेची एक वायर आमच्याकडे टाकू दिली होती. समोरून डांबरी रस्ता, त्यावर कणकवलीहून येणारी बस थांबायची. खोपट्याच्या तोंडाशी सासूबाईंनी नवी चटई अंथरली आणि तिच्यावर कोणाला बसू दिलं नाही. त्या स्वतः बाजूला जमिनीवर बसल्या, रस्त्याकडे तोंड करून.

पहिल्या दिवशी सकाळी मी एका लाकडी पेटाऱ्यावर लॅपटॉप मांडला. सासूबाईंनी चंचीतून कागद काढला.

"त्येना लिवल्यान तसाच लाव," त्या म्हणाल्या. "एक वायर हयची थंय करू नको."

मला हसू आलं. पण म्हटलं, लावून काय बिघडतंय? मोडेमला वीज दिली, निळी वायर लॅपटॉपात खोचली, अगदी चित्राबरहुकूम. मोडेमच्या चार दिव्यांपैकी तीन लागले. चौथा फोनच्या लाइनचा, तो लागणार नव्हताच. सासूबाई समाधानाने पुन्हा रस्त्याकडे बघू लागल्या. मी प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर उघडायला घेतलं.

ते उघडेना. सुरुवातीला एक निळं चित्र यायचं, त्याखाली एक पट्टी पुढे पुढे सरकायची. ती पाऊणेक सरकली आणि थांबली. मी वाट पाहिली. आता खरं सांगायचं तर मी कुठल्याही गोष्टीची पाच मिनिटांपेक्षा जास्त वाट पाहिलेली नाही, माझा तो पिंडच नाही. पाच मिनिटांनी मी बटण दाबून लॅपटॉप मारला आणि पुन्हा सुरू केला. पुन्हा निळं चित्र, पुन्हा पाऊण पट्टी.

मग मी सगळे उद्योग केले. बैलगाडीच्या धक्क्याने काही सुटलं असेल म्हणून लॅपटॉप उलटा करून हळूच आपटला. माती गेली असेल म्हणून जुन्या टूथब्रशने पंख्याची फट साफ केली. विजेचा दाब कमी असेल असं वाटलं, पण बाकी सगळं व्यवस्थित चालत होतं. टाइप करणं, गाणी ऐकणं, पत्ते खेळणं. तेवढं एकच सॉफ्टवेअर हटून बसलेलं. आदल्या दिवशीची माझी फाईल खराब झाली असेल म्हणून ती दुसरीकडे हलवली. व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम बंद केला. दर वेळी तेच चित्र आणि तीच पट्टी. दुपारपर्यंत मी इतकी तापले होते की नवऱ्याने जेवायला हाक मारली तेव्हा त्याच्यावरच खेकसले.

नेटवर्कचा संशय मला आला नाही असं नाही. पण मी तो झटकून टाकला. घरी काम चालू असताना लाइन कितीदा तरी जायची, सॉफ्टवेअरला त्याचं सोयरसुतक नसायचं. आणि लाइन गेली की मी वैतागून मोडेमच बंद करून टाकायचे, तरी सॉफ्टवेअर उघडायचं. म्हणजे त्याला नेट लागत नाही, हे मी स्वतः पाहिलेलं होतं. स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर माझा फार विश्वास होता.

शेजारच्या खोपट्यांत बातमी पसरली. एकीने येऊन सांगितलं की यंत्राला गाव सोडताना देवापुढे गाऱ्हाणं घालून सांगायला हवं होतं, गुरांनासुद्धा सांगतात. दुसरे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की त्याचा जीव गावातच राहिला असणार. मी हसून घालवलं, पण मनातून रडकुंडीला आले होते. दिरांच्या शब्दावर मिळालेलं काम, पहिल्याच खेपेला उशीर झाला तर त्यांची मान खाली जाणार. आणि ते काम सोडलं तर माझं असं त्या घरात दुसरं काही नव्हतं.

सासूबाईंचं वेगळंच. सकाळची बस आली की त्या उठून उभ्या राहायच्या. उतरणारं एकेक माणूस निरखायच्या. कोणी ओळखीचं दिसलं तर पुण्याहून कोण कोण निघालंय ते विचारायच्या. बस गेली की बसायच्या. जेवण दुपारच्या बसनंतर. ताटावर दुसरं ताट झाकून एक बांगडा बाजूला ठेवलेला. बाजूच्या मांडवात बायका फुगड्या घालत होत्या, गाणी म्हणत होत्या. सासूबाईंना बोलावणं आलं तर म्हणाल्या, मगे येतंय. ज्या बाईच्या फुगडीची गावात आठवण काढायचे ती बाई तीन दिवस चटईशेजारी बसून राहणार असं दिसत होतं. मला ते बघवेना. एका बाजूला पाऊण पट्टीवर अडकलेलं यंत्र आणि दुसऱ्या बाजूला ही. दोघांपैकी कोणाचंही मला काही करता येत नव्हतं, आणि काही करता येत नाही म्हटलं की माझं डोकं फिरतं.

दुसरा दिवसही असाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी शेवटचं म्हणून पुन्हा सॉफ्टवेअर सुरू केलं. निळं चित्र आलं, पट्टी पाऊणेक सरकली आणि थांबली. तेवढ्यात लोडशेडिंग झालं. शेजारच्या घरातला रेडिओ बंद पडला. मोडेमचे तिन्ही दिवे एकदम विझले. लॅपटॉपला बॅटरी होती, वीसेक मिनिटं टिकणारी, म्हणून तो चालू राहिला. मी तो मिटायला हात पुढे केला, आणि पट्टी पुढे सरकली. पुरी भरली. सॉफ्टवेअर उघडलं. ग्रंथालयाचा प्रोग्रॅम, माझी अर्धवट लिहिलेली ओळ, सगळं समोर.

मी जागच्या जागी बसून राहिले. वीज गेली आणि काम सुरू झालं, असं आमच्या जिल्ह्यात कोणाच्या बाबतीत घडलं नसेल. मग सॉफ्टवेअर बंद केलं आणि पुन्हा उघडलं. चुटकीसरशी उघडलं. आणखी दोनदा उघडलं, दोन्ही वेळा उघडलं. वीज परत येईपर्यंत दम धरला, हे माझ्या मानाने फारच झालं. वीज आली, मोडेमचे तीन दिवे लागले, मी सॉफ्टवेअर उघडलं आणि ते पाऊण पट्टीवर अडकलं. मी निळी वायर उपटली. पट्टी भरली, सॉफ्टवेअर उघडलं. वायर खोचली, अडकलं. उपटली, उघडलं. लहान मुलासारखी मी सहा-सात वेळा तेच करत राहिले.

कळलं होतं, पण खात्री हवी होती. खोपट्यांमागच्या कातळावर उभं राहिलं की मोबाइलला रेंज मिळायची. तिथे जाऊन मी दिरांना फोन लावला आणि सगळा प्रकार सांगितला. ते मोठ्याने हसले. म्हणाले, अगं, ते सॉफ्टवेअर उघडताना एकदा आमच्या ऑफिसातल्या मशीनला विचारतं, चालवू का म्हणून. वायरच नसेल तर त्याला कळतं की विचारायला कोणी नाही, मग ते मागच्या परवानगीवर चालतं. पण वायर जोडलेली, दिवे लागलेले आणि पलीकडून उत्तर नाही, असं झालं की ते बिचारं विचारत राहतं. तिकडून नुसतं नाही म्हटलं असतं तरी ते पुढे गेलं असतं, म्हणाले. काहीच न बोलणं त्याला समजत नाही.

मी ऐकत होते आणि खाली माळावर बघत होते. सासूबाई चटईशेजारी बसलेल्या दिसत होत्या. दुपारची बस यायला अजून तासभर होता आणि त्यांनी पदर डोक्यावरून घेऊन तोंड रस्त्याकडे केलंच होतं. माझ्या डोक्यात नको तेवढा उजेड पडला. मला वाटलं, हेच. याच घरात याच माणसाने दोन वर्षं वायर लावून ठेवली आहे आणि उत्तर दिलेलं नाही.

"भावोजी," मी म्हटलं, "तुमी येतलास काय नाय?"

"बघतंय," ते म्हणाले.

"बघतंय नको. येतलास तर येतलंय म्हणा, नाय तर नाय म्हणा. आये तीन दिस रस्त्याकडे बघीत बसलीहा. धड जेवत नाय."

 रेंज जाऊ नये म्हणून मी दोन पावलं पुढे सरकले.

"नाय येवचंय," दीर म्हणाले.  "बाबांच्या वेळी पोचलंय नाय. आता खंयच्या तोंडान येव? तिका सांगूक माका जमणा नाय गो. तूच सांग."

मला त्यांची कीव आली, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. दोन वर्षांत कोणाला जमलं नव्हतं ते मी दोन मिनिटांत काढून घेतलं होतं. कातळावरून उतरताना माझी चाल काय असेल ते मला आता आठवून लाज वाटते. एका सकाळीत दोन अडकलेल्या गोष्टी सोडवल्या, असं माझं मन मला शाबासकी देत होतं. नवरा वाटेत भेटला, त्याला सांगितलं. तो म्हणाला, राहू दे, आईला सांगू नको. मी म्हटलं, तुम्ही सगळे नुसते राहू देता म्हणूनच हे असं झालंय.

सासूबाईंच्या समोर जाऊन मी गुडघ्यांवर बसले आणि आढेवेढे न घेता सांगितलं.

"आये, भावोजी येवचे नाय. आत्ताच फोन झालो. आता तुमी वाट बघू नको, जेवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रडतील असं वाटलं होतं, त्याची मी तयारी ठेवली होती. त्या रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, बरा. मग उठल्या. नवी चटई गुंडाळली आणि शेजारच्या खोपट्यातल्या म्हातारीला नेऊन दिली, तिला जमीन बोचते म्हणून. परत येऊन हात धुतले. झाकलेलं ताट उघडलं आणि त्याच ताटात स्वतःसाठी भात वाढून घेतला. बाजूला ठेवलेला बांगडा घेतला आणि जेवायला बसल्या. रस्त्याकडे पाठ करून.

मी खोपट्याच्या आत काम करत होते. निळी वायर गुंडाळून पिशवीत टाकली होती आणि सॉफ्टवेअर वाऱ्यासारखं चालत होतं. मधूनमधून मी सासूबाईंकडे बघत होते. त्या नीट जेवत होत्या, एकेक काटा काढून, वरचा सोलकढीचा पेलाही संपवला. इतक्या दिवसांत त्यांनी एवढं खाल्लेलं मी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात दुपारची बस आली. ब्रेकचा आवाज झाला, माणसं उतरली, कोणाच्या तरी पोरांनी ओरडा केला. सासूबाईंनी मान वळवली नाही. बस निघून गेली. त्या ताटातला शेवटचा घास घेत होत्या.

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. रागाने नाही. रागाने बोलावलं असतं तर मला बरं वाटलं असतं, राग मला कळतो.

"तो येवचो नाय ह्यां माका तुज्या आदी म्हायत होता गो," त्या म्हणाल्या. "त्येची आये मी. पन सकाळी माज्यासाटी तो वाटेर होतो. आता तो पुण्यात आसा."

  फार लागलं मला ते, आतपर्यंत लागलं. त्यांच्यापुढचं ताट अगदी स्वच्छ झालं होतं. ते उचलून मी ओढ्यावर घासायला नेलं.